मुंबईचे नाले, मिठी आणि पुराचं गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुराची सोपी मॉडेलं बसवायला शिकणारी मुलं, नव्याने पर्जन्य जलवाहिन्यांच्या कामावर आलेले कनिष्ठ अभियंते आणि दर पावसाळ्यात तळमजल्यात पाणी शिरणाऱ्या सोसायट्यांमधले जागरूक रहिवासी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण लोक नेमके तिथेच अडतात.

फ्लड राउटिंग म्हणजे नेमकं काय?

नदीच्या किंवा नाल्याच्या वरच्या टोकाला तासागणिक किती पाणी येतंय ते माहीत असेल, तर खालच्या टोकाला ते कधी आणि किती पोचेल हे काढणं. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावरून निघालेली मिठी सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. वर आलेला लोंढा खाली तसाच्या तसा पोचत नाही. त्याला वेळ लागतो आणि वाटेत तो पसरून बुटका होतो. किती उशिरा आणि किती बुटका, एवढंच राउटिंगला सांगायचं असतं.

वस्तुमान अक्षय्यता म्हणजे आवक वजा जावक, एवढंच ना?

हो, एवढंच. आवक वजा जावक म्हणजे साठ्यातला बदल. पाण्याची घनता जवळपास तीच राहते, म्हणून किलोऐवजी घनमीटर मोजले तरी चालतं.

पण "एवढंच" म्हणून त्यावरून भरकन पुढे जाऊ नका. १ चौरस किलोमीटरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०,००० घनमीटर, म्हणजे ५ कोटी लिटर पाणी पडतं. काँक्रीट आणि डांबराच्या वस्तीत त्यातलं बहुतेक वाहूनच येतं. ते तिथल्या तिथे काढायचं तर सेकंदाला जवळजवळ १४ घनमीटर वाहून नेणारा नाला हवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. म्हणजे दर चौरस किलोमीटरला ९ लाख ४४ हजार घनमीटर. त्याच दिवशी कुलाब्याला १०० मिलिमीटरसुद्धा पडला नाही. मुंबईत एकाच पर्जन्यमापकावर सगळी आवक बेतली, तर पुढचं गणित कितीही बिनचूक केलं तरी हिशेब पहिल्याच ओळीत चुकलेला असतो.

मग संवेग कशाला हवा?

कारण आवक-जावकाचं समीकरण एक आणि अज्ञातं दोन: पाण्याची उंची आणि विसर्ग (सेकंदाला वाहून जाणारं पाणी). दुसरं समीकरण लागतंच. फ्रान्सच्या सेंट-वेनां यांनी १८७१ मध्ये ही जोडी मांडली आणि आजही बहुतेक मॉडेलं तिचीच रूपं आहेत.

संवेगाच्या समीकरणात पाच गोष्टी असतात. तळाचा उतार पाण्याला खाली ओढतो. तळाचं आणि भिंतींचं घर्षण त्याला अडवतं. वर पाणी जास्त आणि खाली कमी असेल तर दाबाचा फरक पुढे ढकलतो, उलट असेल तर मागे रेटतो. उरलेल्या दोन जडत्वाच्या: एकाच जागी वेग काळानुसार बदलणं, आणि पाणी पुढे सरकताना वेग जागेनुसार बदलणं.

आता यांना आकडे देऊ. समजा खाडीजवळच्या एका नाल्याचा उतार २००० ला १ आहे, म्हणजे ०.०००५. भरतीमुळे तोंडाशी पाणी दीड मीटरने चढलं आणि त्याचा परिणाम ३ किलोमीटर आत पोचला, तर दाबाचं पद होतं १.५ भागिले ३०००, म्हणजे पुन्हा ०.०००५. वेग अर्ध्या तासात सेकंदाला १ मीटरने बदलला, तर गुरुत्वीय त्वरणाने भागून जडत्वाचं पहिलं पद साधारण ०.००००६. दीड मीटर वेगाच्या पाण्यात २ किलोमीटरवर तेवढाच बदल झाला, तर त्याच भागाकाराने दुसरं पद ०.००००८ च्या आसपास. उतार आणि दाब एकमेकांच्या बरोबरीचे, जडत्व त्यांच्या सहाव्या-आठव्या हिश्शाचं. आता तोच हिशेब डोंगराच्या अंगाला, १०० ला १ उताराच्या ओढ्यावर करा. उतार ०.०१, आणि बाकी सगळं त्यापुढे किरकोळ. कोणतं मॉडेल घ्यायचं हे या चार आकड्यांवरून ठरतं, सॉफ्टवेअरच्या नावावरून नाही.

"सोपं केलेलं मॉडेल" नक्की काय सोडतं?

कायनेमॅटिक वेव्ह फक्त उतार आणि घर्षण ठेवतं. लाइटहिल आणि व्हिथम यांनी १९५५ मध्ये याची नीट मांडणी केली. डिफ्यूजन वेव्ह त्यात दाबाचा फरक घेतं. त्याहून पुढचं स्थानिक जडत्वाचं रूप फक्त जागेनुसार वेग बदलण्याचं पद सोडतं. सपाट भागातल्या मोठ्या पूरनकाशांसाठी २०१० नंतर ते खूप वापरात आलं. डायनॅमिक वेव्ह काहीच सोडत नाही.

मस्किंगमसारख्या साठ्यावर आधारलेल्या पद्धती आणखी वेगळ्या. त्या संवेगाचं समीकरण बाजूला ठेवतात आणि त्याच्या जागी साठा आणि विसर्ग यांचं एक ठरावीक नातं बसवतात.

वेळ वाचवायला वस्तुमानाचं समीकरणही थोडं ढिलं करता येतं का?

नाही. संवेगातली पदं परिस्थिती बघून सोडता येतात, कारण ती खरोखर लहान असू शकतात. पाणी "थोडं" नाहीसं होऊ शकत नाही.

मस्किंगम पद्धत एकदा हाताने करून दाखवाल?

जरूर, आणि तुम्हीही एकदा कागदावरच करा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मस्किंगम नदीवरच्या कामातून १९३८ मध्ये ही पद्धत आली. तिच्यात दोनच गुणक: के, म्हणजे त्या टप्प्यातून लोंढा सरकायला लागणारा वेळ; आणि एक्स, म्हणजे साठ्यावर आवकेचा वाटा किती. एक्स शून्य ते अर्धा यांच्या मध्ये असतो.

के २ तास, एक्स ०.२ आणि गणनेची पायरी १ तास धरू. त्यातून तीन सहगुणक निघतात: आत्ताच्या आवकेला ०.०४७६, मागच्या तासाच्या आवकेला ०.४२८६, मागच्या तासाच्या जावकेला ०.५२३८. तिन्हींची बेरीज बरोबर १. वस्तुमान जपलं जातं ते या बेरजेमुळे.

आवक सेकंदाला १०, ४०, ७०, ५०, ३०, १० घनमीटर अशी तासागणिक आली आणि सुरुवातीला जावक १० होती, तर जावक येते १०, ११.४, २६.५, ४६.२, ४७.१, ३८.०. वर शिखर ७० चं होतं, खाली ते ४७ चं झालं आणि दोन तास उशिरा आलं. आवक १० वरच धरून गणना पुढे चालवा आणि १० च्या वरचं सगळं जावक मिळवत जा. बेरीज १५० कडे जाते. आवकेतही १० च्या वरचं ३०, ६०, ४०, २० मिळून १५०. म्हणजे ५ लाख ४० हजार घनमीटर आत आले आणि तेवढेच बाहेर पडले.

आता पायरी अर्ध्या तासाची करून बघा. पहिला सहगुणक ऋण होतो आणि पूर चढायला लागताच खालची जावक आधी कमी होते. तिन्हींची बेरीज तरीही १ च राहते, हिशेब पैशापैशाने जुळतो, आणि उत्तर मात्र निसर्गात न घडणारं असतं. वस्तुमान जपलं म्हणून मॉडेल बरोबर ठरलं असं मी कोणाला म्हणू देत नाही, ते यासाठीच.

मस्किंगममध्ये संवेग अजिबात नाही म्हणायचं का?

थेट नाही, मागच्या दाराने थोडा आहे. १९६९ मध्ये कुंज यांनी दाखवलं की मस्किंगममध्ये शिखर बुटकं होतं ते गणनेच्या पद्धतीतून शिरलेल्या पसरटपणामुळे. तो पसरटपणा नाल्याच्या रुंदी, उतार आणि विसर्गावरून खऱ्या पसरटपणाइतका करता येतो. मग के आणि एक्स अंदाजाचे आकडे राहत नाहीत, त्यांना नाल्याच्या आकाराचा आधार मिळतो. मस्किंगम-कुंज म्हणतात ती हीच पद्धत, आणि खालून अडथळा नसेल तिथे ती छान चालते.

शुद्ध कायनेमॅटिक समीकरणात शिखर बुटकं होतच नाही. तुमच्या कायनेमॅटिक मॉडेलमध्ये ते होत असेल, तर ते पायरीच्या लांबीमुळे होतंय. पायरी बदला, शिखर बदलेल.

माझं मॉडेल पाणी हरवतंय. कुठे शोधू?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मला सगळ्यांत जवळचाही.

आधी बघा, गुणक पायरीगणिक बदलताय का. मस्किंगम-कुंजमध्ये के आणि एक्स दर पायरीला नव्याने काढले की उत्तर जास्त खरं वाटतं, पण या बदलत्या रूपात पाण्याचा हिशेब गळतो. सपाट उताराच्या नाल्यात गळती जास्त, आणि मुंबईचे खालचे टप्पे सपाटच आहेत. टोडिनी यांनी २००७ मध्ये ही गळती बंद करणारी मांडणी दिली. बदलते गुणक वापरायचेच असतील तर तीच वापरा.

मग बघा, कोरड्या-ओल्या जागांचं काय होतंय. नकाशाचे चौकोन पाडून केलेल्या गणनेत एखाद्या चौकोनात पाण्याची उंची उणे ०.०२ मीटर आली आणि प्रोग्रामने ती मुकाट्याने शून्य केली, तर तिथे तेवढं पाणी नव्याने जन्माला आलं. असे हजारो चौकोन आणि हजारो पायऱ्या. ज्या पद्धती दोन चौकोनांच्या मधल्या कडेवरून जाणारं पाणी एकातून वजा करून तेच दुसऱ्यात मिळवतात, त्यांत हिशेब मुळातच बांधलेला असतो.

तिसरी जागा मुंबईसाठी सर्वांत महत्त्वाची. एसडब्ल्यूएमएम (पर्जन्य जलवाहिन्यांचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल, तर मॅनहोल भरून वाहिल्यावर वरचं पाणी साचू द्यायचं की नाही हा पर्याय तपासा. तो चालू केला नसेल तर मॅनहोलमधून वर आलेलं पाणी "पूर" या सदरात नोंदलं जातं आणि मॉडेलमधून कायमचं निघून जातं. शेवटच्या अहवालात हिशेबाची चूक ०.१ टक्का दिसते. रस्त्यावर, जिन्यात, मीटरच्या खोलीत साचलेलं पाणी ज्या गणितात कुठेच नाही त्या गणिताचा ताळेबंद जुळतो, आणि तो अहवाल नाला पुरेसा आहे म्हणून पुढे जातो. मी असे अहवाल पाहिले आहेत. मला त्याचा फार त्रास होतो, कारण त्या आकड्यावर कोणाच्या तरी घराचा उंबरा ठरत असतो.

किती चूक चालेल, असं विचाराल तर १ टक्क्याच्या आत राहा. १० टक्क्यांपर्यंत गेली तर निकाल वापरू नका.

भरती असताना सोपं मॉडेल का फसतं?

हे मी चुकून शिकले. कुर्ल्याच्या बाजूच्या एका नाल्याचं मॉडेल मी कायनेमॅटिक पद्धतीने केलं होतं. आवक चोख होती, हिशेब जुळत होता, आणि एका गल्लीत मॉडेलप्रमाणे पाणी यायलाच नको होतं. प्रत्यक्ष पाहायला गेले. तिथल्या किराणा दुकानदाराने शटरच्या आतल्या बाजूला तेलरंगाने रेघा मारून ठेवल्या होत्या, प्रत्येक रेघेशेजारी तारीख आणि वेळ. सर्वांत वरची रेघ माझ्या गुडघ्याच्या वर होती. तो म्हणाला, "मॅडम, पाऊस थांबून पाऊण तास झाला होता, तेव्हा चढलं हे. आणि रस्त्यावरून नाही आलं, ह्या जाळीतून वर आलं." त्याने पायाने गटाराची लोखंडी जाळी दाखवली. तिच्या गजांत प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या होत्या, आणि पिशव्यांची मोकळी टोकं वरच्या दिशेला वळलेली होती.

कायनेमॅटिक मॉडेलला हे दिसूच शकत नाही. त्यात विसर्ग फक्त त्या जागच्या उंचीवर ठरतो आणि लाट एकच असते, खाली जाणारी. रुंद नाल्यात तिचा वेग पाण्याच्या वेगाच्या पाच तृतीयांश असतो. पाणी सेकंदाला दीड मीटरने वाहत असेल तर लाट अडीच मीटरने. पूर्ण समीकरणात लाटा दोन असतात. पाणी २ मीटर खोल असेल तर उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग सुमारे ४.४ मीटर. प्रवाहाबरोबर जाणारी ५.९ ने खाली जाते, आणि प्रवाहाविरुद्धची २.९ ने वर चढते. भरतीची बातमी नाल्यात आत येते ती या दुसऱ्या लाटेवरून. कायनेमॅटिक मॉडेलला खालच्या टोकाची पाणीपातळी द्यायला जागाच नसते. माहीमला ओहोटी आहे की साडेचार मीटरचं उधाण, त्याला काही फरक पडत नाही.

मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आणि तेही ओहोटी धरून आखलेल्या होत्या. १९९० च्या दशकातल्या ब्रिमस्टोवॅड आराखड्याने हा आकडा तासाला ५० मिलिमीटरवर नेण्याचं ठरवलं. समुद्राला मिळणारी बहुतेक पातमुखं उधाणाच्या पातळीखाली आहेत, म्हणूनच हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध इथे उदंचन केंद्रं बांधावी लागली. दार बंद करायचं आणि पाणी पंपाने पलीकडे टाकायचं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात. जोराची सर त्यातल्या कोणत्या तासाला येते यावर गल्लीतली पातळी ठरते. खाडीला मिळणाऱ्या कोणत्याही नाल्यावर निदान डिफ्यूजन वेव्ह वापरा. इथे दाबाचं पद सोडणं मला मान्य नाही.

मग कायनेमॅटिक मॉडेल मुंबईत निरुपयोगी आहे का?

मुळीच नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरउतारावरून येणारे ओढे, गच्च्या आणि रस्त्यांवरून जाळीपर्यंत वाहणारं पाणी, उताराच्या वरच्या जलवाहिन्या, इथे ते उत्तम आणि झटपट चालतं. वर कायनेमॅटिक, खाली डिफ्यूजन किंवा डायनॅमिक, अशी जोडणी मला सर्वांत पटते. जोडाच्या ठिकाणी वरची जावक आणि खालची आवक तीच आहे ना, एवढं जपा.

तलाव आणि साठवण टाक्यांना कोणतं मॉडेल?

तिथे संवेग बाजूला ठेवला तरी चालतो. पवईच्या तलावात पाण्याचा वेग नगण्य असतो, पृष्ठभाग आडवाच असतो, आणि सांडव्यावरची जावक पातळीवरून थेट निघते. आवक-जावक-साठा पुरतो. सांडव्याला दारं नसतील तर एक सुंदर ताळा असा: जावकेचं शिखर आवकेच्या उतरत्या रेघेवरच पडलं पाहिजे, कारण साठा सर्वांत जास्त असतो त्या क्षणी आवक आणि जावक समान असतात. तसं नसेल तर कुठेतरी चूक आहे.

हिंदमाताजवळ उभारल्या तशा भूमिगत टाक्यांनाही हेच. समजा १ चौरस किलोमीटरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडतोय, नाला त्यातला २५ मिलिमीटर नेतो, आणि टाकी १ कोटी लिटरची आहे. तासाला २५,००० घनमीटर शिल्लक राहतं, टाकी १०,००० ची. ती २४ मिनिटांत भरेल. टाकी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. छोट्या, जोरदार सरीला ती मोठा आधार देते. पण दोन तासांच्या पावसात ती कुठल्या मिनिटाला भरते आणि पंप कधी चालू होतात, हे आधी मांडून ठेवायला हवं.

संवेग अगदी काटेकोर जपावा लागतो असं कुठे?

बांध फुटणं, वेगवान प्रवाह एकदम संथ होताना उठणारी पाण्याची उसळी, पुलाचे खांब, अरुंद मोऱ्या, विमानतळाच्या भागात मिठीला पडलेली तीव्र वळणं. या उसळीत ऊर्जा खर्ची पडते पण संवेगाचा तोल टिकतो, म्हणून तिथे समीकरण संवेगाच्या रूपातच सोडवायचं. नाहीतर उसळीची जागा आणि वेग दोन्ही चुकतात. स्थानिक जडत्वाचं मॉडेलही इथे वापरू नका.

आता संगणक वेगवान आहेत. सरळ पूर्ण समीकरणच का नको?

वापरा, नाल्याच्या आडव्या छेदांची मापं खरी असतील तर. नाल्यात अर्धा मीटर गाळ असताना कागदावरचा तळ दिला, तर पाचही पदं ठेवून उत्तर चुकणार. मॅनिंगचा घर्षण गुणक स्वच्छ काँक्रीटसाठी ०.०१५ च्या आसपास असतो. गाळ, दगड आणि कचऱ्याने तो दुप्पट झाला तर तेवढ्याच उंचीला विसर्ग निम्मा होतो. एप्रिलमध्ये घेतलेली मापं नालेसफाईनंतर बदलतात आणि जुलैत पुन्हा बदलतात. माझ्याकडे चार दिवस असतील तर त्यातले तीन मी नाल्यात पट्टी घेऊन उतरायला देईन.

शिवाय पूर्ण मॉडेल लहान पायऱ्या मागतं. लाट एका पायरीत एका चौकोनापेक्षा पुढे जाता कामा नये, ही १९२८ पासूनची कूरांट यांची अट. ५ मीटरच्या चौकोनात ५.९ मीटर वेगाची लाट असेल तर पायरी एका सेकंदाच्याही आत. भर पावसात पुढच्या तीन तासांचा इशारा द्यायचा असेल, तर डिफ्यूजन वेव्हचं दहा मिनिटांत आलेलं उत्तर तीन तासांनी आलेल्या अचूक उत्तरापेक्षा कामाचं. हेक-रास या पूरगणनेच्या सॉफ्टवेअरच्या द्विमितीय भागात दोन्ही पर्याय आहेत, एकाच नाल्यावर दोन्ही चालवून फरक बघता येतो.

माझ्या मॉडेलमध्ये भरती खरंच आहे की नाही, पटकन कसं ओळखू?

पाऊस तोच ठेवा. खालच्या टोकाला एकदा ओहोटीची पातळी द्या, एकदा उधाणाची, आणि मॉडेल दोनदा चालवा. मग तोंडापासून ५०० मीटर, १ किलोमीटर, २ किलोमीटर आत पातळी किती बदलली ते शेजारी शेजारी लिहा. तिन्ही ठिकाणी शून्य फरक आला तर तुमच्या मॉडेलमध्ये दाबाचं पद नाही, किंवा खालची अट चुकीच्या ठिकाणी जोडली आहे. फरक आला, तर तो आतल्या एखाद्या दुकानाच्या शटरवर, सोसायटीच्या भिंतीवर, पंपाच्या खोलीच्या दारावर उरलेल्या पाण्याच्या रेघेशी ताडून बघा. कोणाला तरी ती कधीची आहे हे वेळेसकट आठवत असतं.